इटलीचा कार्बोरेटर

साल एकोणीसशे सत्त्याण्णव. ते मला पक्कं आठवतं, कारण त्या सप्टेंबरात भूकंपाला चार वर्षं झाली होती आणि आमची मृण्मयी बारावीला लातूरला होती. नांदेडच्या ज्या घरात बारावीचं मूल असे, त्या घरातली माणसं तेव्हा निम्मी लातुरातच राहत, शरीराने नसली तरी मनाने. आमच्या एका गल्लीतली सात मुलं तिकडे होती. खोली बघायला गेलेले आईबाप शिकवणीची चौकशी नंतर करत. आधी मान वर करून छत बघत आणि भिंतीवर टिचकी मारून पाहत.

मृण्मयी गुरम्माबाईंकडे राहायची. भूकंपात त्यांचं औश्याकडचं दगडमातीचं घर बसलं. माणसं सुदैवाने वाचली. मग त्यांनी लातुरात जागा घेऊन ओळीने सहा खोल्या बांधल्या, वर पत्रे घातले आणि मुलींची राहण्याजेवण्याची सोय सुरू केली. पत्रा पडला तर टेंगूळ येईल, मरणार न्हाई कुणी, असं त्या येणाऱ्या प्रत्येक आईला सांगत, आणि आया तिथल्या तिथे हो म्हणून टाकत.

माझे यजमान हणमंतराव पाटबंधारे खात्यात आरेखक होते, म्हणजे कालव्यांचे नकाशे काढायचे. कागदावर पाणी कुठेही चढवता येतं. त्या सवयीने की काय, कुठल्याही गोष्टीवर त्यांचा विश्वास लवकर बसे. आमच्याकडे चौऱ्याऐंशी सालची एक फियाट होती, सायीच्या रंगाची, त्यांच्या निवृत्त साहेबांकडून घेतलेली. आठवडाभर मी ती शाळेत न्यायची, मी मुलींच्या शाळेत भूगोल शिकवत असे. रविवारी ती लातूरला जायची. गल्लीतल्या सातही मुलांचे डबे तिच्यात असत. नुसते पोळीभाजीचे नव्हेत. शेंगदाण्याची चटणी, दशम्या, चिवडा, तुपाचा तांब्या, एकदा तर कुणाची तरी गादी. नाही म्हणायची रीत नव्हती, आणि हणमंतरावांना तर ती मुळीच नव्हती.

त्या पावसाळ्यात ते कचेरीच्या कामाला हैदराबादला गेले आणि येताना मोठं खोकं घेऊन आले. त्यात इटलीचा कार्बोरेटर होता. त्याच्याबरोबर स्टीलच्या डब्यासारखा चकचकीत एअर फिल्टर, लाल वायरी आणि चार प्लग. किंमत त्यांनी मला एकदम सांगितली नाही. पहिल्या दिवशी वायरींची सांगितली, दुसऱ्या दिवशी प्लगांची, आणि कार्बोरेटरची सांगितली तेव्हा घरी पाहुणे बसले होते. माझे दोन महिन्यांचे पगार त्यात गेले असते.

हे सगळं बसवायचं काम मकसूदभाईंकडे आलं. वजिराबादच्या मागच्या बोळात त्यांचं गॅरेज होतं. त्यांची लायबा माझ्याच वर्गात आठवीला, म्हणून ते मला बाई म्हणत. त्यांच्याकडेही तसलीच फियाट होती. लग्नसराईत ती भाड्याने फिरायची आणि तिच्यात सगळे साधे, बाजारात मिळणारे पार्ट होते. कार्बोरेटर हातात उलटसुलट करून बघत ते म्हणाले, "साहेब, पार्ट वाईट न्हाई. पण हा शर्यतीचा घोडा हाय. आपल्याला डबे न्यायचेत."

"मकसूदभाई, जास्त पैसे पडतात ते काही उगीच पडत नाहीत," हणमंतराव म्हणाले.

हे वाक्य पुढे तीन महिने आमच्या घरात आरतीसारखं रोज झालं.

मोकळ्या रस्त्यावर गाडी खरंच सुसाट जायची. पण मोकळा रस्ता रविवारीच मिळे. सोमवार ते शनिवार मी तिला गर्दीतून हळूहळू न्यायची, आणि हळू चालणं त्या इटालियन वस्तूला मंजूर नव्हतं. दोन आचके द्यायची आणि बंद पडायची. गुरुद्वाराच्या रस्त्यावर एकदा, भाजीबाजारात एकदा, आणि तिसऱ्यांदा शाळेच्या फाटकातच. आठवीच्या मुलींनी ढकलली. लायबा पुढे होऊन एक, दोन, तीन म्हणत होती आणि मी आत स्टिअरिंग धरून प्रतिष्ठितपणे बसले होते. त्या दिवशी वर्गात मान्सून शिकवायचा होता. मुलींनी मान्सूनकडे लक्ष दिलं नाही.

शाळा सुटल्यावर मी सरळ गॅरेजात गेले. मकसूदभाईंनी दीड तासात जुना कार्बोरेटर परत बसवला. चकचकीत फिल्टर मात्र एक पट्टी कापून त्याच्यावरच चढवला, म्हणजे बॉनेट उघडलं तरी वरून सगळं जसंच्या तसं दिसे. साहेबांना तुम्हीच सांगा बाई, असं त्यांनी दोनदा बजावलं. मी हो म्हणाले. गौरी जेवल्या की सांगू, असं ठरवलं होतं.

पण गौरी उठल्या आणि रविवारी आम्ही लातूरला निघालो. अहमदपूरच्या अलीकडचा चढ गाडी गुपचूप चढली. हणमंतराव माझ्याकडे वळून म्हणाले, "बघितलंस? आता बसला तो. परदेशी माल आहे, इथल्या हवेला रुळायला वेळ घेतो." त्यांचा चेहरा असा फुलला होता की मला पुढचं बोलवेना. मी दशमीचा डबा सरळ केला. मग कचेरीत, लग्नात, न्हाव्याकडे, जिथे जातील तिथे ते त्या कार्बोरेटरचं कौतुक करत. त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी हैदराबादच्या दुकानाचा पत्तासुद्धा घेतला.

दिवाळीला मृण्मयी घरी आली ती नवी बातमी घेऊन. तिच्या क्लासने निवडक चाळीस मुलांची स्पेशल बॅच काढली होती. पहाटे साडेचारला सुरू, रात्री नऊला संपणार. फी साध्या बॅचच्या अडीचपट. तिचं नाव यादीत होतं आणि तिला जायचं नव्हतं. आधीच ती पाच तास झोपत होती. गुरम्माबाईंनी मला सांगितलं होतं की पोरगी ताट हातात धरून रांगेत उभ्या उभ्या झोपली आणि आमटी दुसरीच्या पायावर गेली. डोकं तर रोजच दुखायचं. साधी बॅच आणि सात तास झोप दिलीत तर मी परीक्षेला धड बसेन, असं ती म्हणत होती.

हणमंतराव वाईट नव्हते. पोरीचं भलं व्हावं एवढंच त्यांना कळत होतं, आणि भलं कशात आहे हे त्यांना किमतीवरून कळत होतं. त्यांनी आरती म्हटली. जास्त पैसे पडतात ते काही उगीच पडत नाहीत. आपल्या गाडीचंच बघ.

मी स्वयंपाकघरात चकल्या तळत होते. मृण्मयी शांतपणे म्हणाली, "बाबा, मग गाडीवरच ठरवू. तुमचे महागाचे पार्ट आणि मकसूदचाचांचे साधे. इथून लातूर. तुमची गाडी कमी पेट्रोलात पोचली तर मी एक शब्द न बोलता स्पेशल बॅचला जाते. नाही पोचली, तर तुम्ही त्या बॅचचं नाव काढायचं नाही."

त्यांनी हात पुढे केला, तिने टाळी दिली. माझा घाणा करपला.

दुसऱ्या दिवशी मी गॅरेजात धावले. मकसूदभाई पान खात होते, ते खायचे थांबले. खरं सांगावं तर साहेबांची शोभा होते. इटलीचा परत बसवावा तर पहिल्याच चौकात साहेबांना फरक कळतो. आम्ही दोघं बराच वेळ विचार करत बसलो आणि शेवटी आम्हाला फार हुशारीचं काहीतरी सुचलं. दोन्ही गाड्यांत साधेच पार्ट आहेत. म्हणजे पेट्रोल सारखंच लागणार. पैज अशी आहे की साहेबांची गाडी कमी पेट्रोलात पोचली पाहिजे. बरोबरी झाली तर मृण्मयी सुटली. कुणाला काही सांगायची गरजच नाही. मी भूगोलाची आणि ते मिस्त्री. गाडीत माणूसही बसलेला असतो, हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

दिवाळीनंतरच्या रविवारी दोन्ही गाड्या पंपावर गेल्या. मृण्मयी आधीच बसने पुढे गेली होती. टाक्या गळ्यापर्यंत भरल्या. डबे एक इकडे, एक तिकडे असे वाटले. कुणाच्या आजीने ऐनवेळी एक पायली ज्वारी आणली, तीही दोन पिशव्यांत अर्धी अर्धी केली. पंच म्हणून मला मकसूदभाईंच्या गाडीत बसवलं.

हणमंतरावांनी त्या दिवशी जी गाडी चालवली तशी मी पुन्हा कधी बघितली नाही. नकाशावर शाईची रेघ ओढावी तशी. चाळीसच्या वर काटा नाही, ब्रेकचा झटका नाही, काचा बंद. रेल्वे फाटकापाशी गाडी थांबली की इंजिन बंद. बैलगाडी आडवी आली तर ते मागे थांबत, हॉर्नसुद्धा वाजवत नसत. मकसूदभाई मात्र रोजच्यासारखे. ट्रक दिसला की मागे टाकायचा. लोह्याला चहाला थांबले तर इंजिन चालूच, कारण त्यांचा स्टार्टर तेव्हा जरा रुसलेला होता. लायबाच्या गणिताबद्दल बोलताना पाय आपोआप दाबला जाई. मी दोनदा म्हटलं, हळू घ्या. ते म्हणाले, बाई, बेफिकीर राहा, बरोबरी हाय.

लातूरच्या पंपावर हणमंतरावांच्या टाकीत साडेनऊ लिटर बसलं. मकसूदभाईंच्या टाकीत अकरा.

गुरम्माबाईंच्या अंगणात मृण्मयी वाट बघत उभी होती. आमचे चेहरे बघूनच तिला कळलं. ती रडली नाही. "ठीक आहे बाबा. उद्या फी भरा," एवढंच म्हणाली आणि डबे उचलून आत न्यायला लागली. पोरींचे डबे पोरींना, नावं वाचून. डोळ्यांखाली तिच्या काळी वर्तुळं होती आणि ती अठरा वर्षांची पण नव्हती.

हणमंतराव अंगणातल्या मुलींना पिकअप म्हणजे काय ते समजावत होते. मी मकसूदभाईंकडे पाहिलं. ते आपल्या चपलांकडे बघत होते.

"त्यात इटलीचा कार्बोरेटर नाही," मी म्हणाले.

हणमंतरावांना वाटलं मी थट्टा करतेय. मग मी सगळं सांगितलं. शाळेचं फाटक, लायबाचं एक दोन तीन, कापलेली पट्टी. दोष माझा आहे, मकसूदभाईंनी सांगायला सांगितलं होतं, हेही सांगितलं. त्यांनी बॉनेट उघडलं, फिल्टरचा नट फिरवला आणि फिल्टर उचलला. खाली तोच जुना, काळपट कार्बोरेटर होता. वाकूनच त्यांनी विचारलं,

"कधीपासून?"

"गौरींपासून."

"म्हणजे अहमदपूरचा चढ?"

"ह्यानेच."

"आणि मी कचेरीत त्या दोघांना पत्ता दिला." हे ते मला म्हणाले नाहीत, कार्बोरेटरला म्हणाले.

मकसूदभाई पुढे झाले. साहेब, तुमचा फडक्यात गुंडाळून जपून ठेवलाय, म्हणाले. आणि आजचं पेट्रोल पार्टाने वाचवलं नाही, तुमच्या पायाने वाचवलं. मी चाळीसने चालवली असती तर माझंही वाचलं असतं. गुरम्माबाई परातीत पीठ मळत हे सगळं ऐकत होत्या. त्यांनी विचारलं, "साहेब, गाडी तर लई बेस आली की. मग तोंड का असं पाडलं?"

मुली हसल्या. हणमंतरावांनी फिल्टर परत बसवला, नट घट्ट केला, हात रुमालाला पुसले. मृण्मयी दारात ज्वारीची पिशवी घेऊन उभी होती.

"किती तास झोप लागते म्हणालीस?"

"सात."

"आठ घे," ते म्हणाले आणि जेवायला बसले.

माझ्यावरचा राग मात्र होता. परतीलाही मला मकसूदभाईंच्याच गाडीत बसावं लागलं. लोह्याला चहाला थांबलो तेव्हा हणमंतराव बोलले, तेही मकसूदभाईंशी, नकली माल आणि साधा माल यातला फरक काय असं. मकसूदभाईंनी समजावलं की नकली घेतलं तर इंजिन जातं, नवाबी घेतलं तर खिसा जातो, मधलं घ्यावं. हणमंतरावांनी ते वाक्य पाठ केलं आणि सोमवारी कचेरीत आपलंच म्हणून सांगितलं. म्हणजे माफी झाली हे मला कळलं.

मृण्मयीला बारावीला चांगले मार्क पडले, पण मेडिकलला थोडे कमी. स्पेशल बॅचला गेली असती तर पडले असते का, हे आमच्या घरात कुणी कधी विचारलं नाही. मी मनातल्या मनात काही वर्षं विचारलं. ती उदगीरला पशुवैद्यक झाली. आता रेणापूरला असते आणि अडलेल्या म्हशीसाठी कधीही उठून जाते.

इटलीचा कार्बोरेटर हैदराबादच्याच एका हौशी मुलाने निम्म्या किमतीत नेला. फियाट आम्ही दोन हजार पाच साली विकली. मकसूदभाईंचं गॅरेज मोठं झालं, मग गाड्याच अशा आल्या की त्यात हात घालायला संगणक लागतो, तेव्हा त्यांनी ते आपणहून बंद केलं. सकाळी फिरायला जाताना भेटतात. लायबाचं नायगावला औषधांचं दुकान आहे. माझी रक्तदाबाची गोळी ती फोनवर विचारते, घेतली का म्हणून.

गुरम्माबाईंच्या सहा खोल्यांच्या जागी तीन मजली इमारत झाली, शंभर मुली राहत. त्या स्वतः अंगणात एक पत्र्याची खोली ठेवून तिच्यातच झोपत. दोन हजार अकरात गेल्या. त्यांच्या तेराव्याला बायका कुठून कुठून आल्या होत्या, कित्येक डॉक्टर होत्या.

हणमंतराव सहा वर्षांपूर्वी गेले. शेवटी त्यांना कमी ऐकू यायचं. त्यांनी कानाचं यंत्र घेतलं, दुकानातलं सगळ्यांत महाग. त्याने ऐकू येतं का, हे मी विचारलं नाही. हाक मारली की ते वळून बघायचे.