बिब्याने पोळलेले हात

जंगू आणि सोमारीचं भांडण आमच्या कुडातून सगळं ऐकू येतं. कान द्यायची गरज नसते, पण मी देते. त्या सकाळी जंगू दातून चावत अंगणात उभा होता आणि सोमारी सडा टाकत होती.

“तुले फक्त अंगठा ठेवा लागते,” जंगू म्हणाला. “बाकी सारं कंपनीवाला करते.”

“त्याचंच तं भेव लागते. रोपं त्यायची, तोडून नेनार थे. मंग कर्ज तेवढं आपल्या नावानं काऊन?”

“फेडनार थेच हायेत ना.”

“मंग त्यायच्याच नावानं काढा म्हना.”

अडलं की जंगूचा आवाज चढतो. “बाईमानसाले काय समजते त्यातलं,” असं ओरडून त्याने दातून फेकली आणि तो बोडीच्या तळ्याकडे निघून गेला.

गोष्ट होती त्यांच्या जंगलातल्या शेताची. वनहक्काचा पट्टा मिळवता मिळवता जंगूच्या बापाची हयात गेली. कागद हाती आला तेव्हा म्हातारा नव्हता. पट्ट्यावर नवरा-बायको दोघांची नावं आहेत. तो विकता येत नाही, गहाण ठेवता येत नाही, एवढं आमच्या गावात सगळ्यांना पाठ आहे. कंपनीचा निकेश मात्र सांगत होता की हे गहाण नाहीच, वीस वर्षांचा बांबूचा करार आहे, आणि रोपांसाठी कर्ज घ्यायचं ते नुसतं नावापुरतं.

हा निकेश चंद्रपूरहून मोटरसायकलने यायचा. सगळ्यांना काका, काकू, मावशी म्हणायचा आणि पोरांना बिस्किटं वाटायचा. मला कोणी फुकटचं बिस्कीट दिलं की मी आधी त्याच्या पायांकडे बघते. त्याच्या बुटांना आमच्या बांधाची माती कधीच लागलेली दिसली नाही. जंगूचं शेत त्याने मोबाईलमध्येच पाहिलं आणि छान आहे म्हणाला. शेतापर्यंत चालत न जाता कोणी शेताला छान म्हणतो का?

हे मी जंगूला बोलून दाखवलं.

“आशाबाई, तुमाले तं देवाच्या परसादातई खडे दिसतेत,” तो म्हणाला.

दिसतात. त्याला मी काय करू?

गावातल्या काही घरांनी अंगठे देऊन टाकले होते. जंगूचं तेवढं अडलं होतं, कारण बायकोचा अंगठा पाहिजे. बाजाराच्या दिवशी निकेश अंगठा तपासायचं मशीन घेऊन पुन्हा येणार होता, आणि जंगूने त्याला शब्द दिला होता.

त्यानंतर सोमारी भांडायची थांबली. दिवसभर अंगणात बसून बिबे फोडायची. आतली गोडंबी बाजारात चांगली जाते, पण बिब्याचं तेल कातडी जाळतं. म्हणून आमच्याकडच्या बाया आधी हातांना राख चोळतात, फोडता फोडता पुन्हा चोळतात. परकरात होती तेव्हापासून सोमारी हे काम करते. मी कुडावरून डोकावले तर तिच्याजवळ राखेचं टोपलंच नव्हतं.

“सोमारी, राख कुठी हाये वो?”

“आनतो ना बाई,” ती म्हणाली, आणि फोडत राहिली.

मला तेव्हाच संशय आला. पण मी कोणाजवळ काही बोलले नाही.

बाजाराच्या दिवशी निकेश आला. खाटेवर त्याने मशीन मांडलं. जंगूने हात धुऊन अंगठा टेकवला, हिरवा दिवा लागला. मग सोमारीने टेकवला, लाल लागला. दुसरा अंगठा ठेवला, मग एकेक करून सगळी बोटं ठेवली, पण लालच. बोटांची टोकं काळी पडली होती, कातडी सुटली होती. निकेशने रुमालाने मशीनची काच पुसली, जणू दोष काचेचा होता.

“काय झालं काकू हाताला?”

“बिबे फोडले जी.”

“बरं, मोबाईलवर आकडा येईल, तो सांगा.”

“आधाराले मोबाईल नाई जोडला.”

“मग काका, यांना आरमोरीला आणा. तिथे डोळ्यांवरून ओळख पटवायचं मशीन आहे आमचं.” त्याने मशीन पिशवीत कोंबलं आणि गाडीला लाथ मारली.

मी मीठ मागायच्या निमित्ताने तिथेच उभी होते. जंगू आता ओरडेल असं मला वाटलं. पण त्याने सोमारीचे हात हातात घेतले आणि उलटेसुलटे करून पाहिले.

“लहानपनापासून बिबे फोडून राह्यली तू. राख काऊन नाई लावली?”

सोमारीने हात सोडवून घेतले नाहीत. “किती दिस झाले, मी नाई म्हनून राह्यली. तुमाले आयकूच नाई आलं. मशिनीनं नाई म्हनलं, तं आयकलं तुमी.”

जंगूची मान खाली गेली. मला रडू आलं, खरंच आलं. मीठ न घेताच मी घरी परतले.

त्या दिवसापासून जंगूच रांधायला लागला. सोमारीला घास धरता येत नव्हता, तोही तोच भरवायचा. भात कच्चा राहायचा आणि भाजी खारट व्हायची, हे तिनेच मला सांगितलं, पण सांगताना ती हसत होती.

कंपनी खरी होती की खोटी, हे मला आजही माहीत नाही. ज्यांनी अंगठे दिले त्यांच्या शेतात अजून एक खड्डासुद्धा कोणी खणलेला नाही. पावसाळ्यात येतील म्हणतात. येतीलही.

सोमारीच्या बोटांना नवी गुलाबी कातडी आली तेव्हा निकेशचा फोन आला. जंगू फोनवर बोलतो तेव्हा पलीकडचं माणूस अख्ख्या आळीला ऐकू येतं, इतका मोठा आवाज ठेवतो.

“काका, काकूंचे हात बरे झाले का? की आरमोरीला न्यायला गाडी पाठवू?”

सोमारी सूप घेऊन तांदूळ पाखडत होती. तिचं सूप थांबलं. जंगूने तिच्याकडे पाहिलं.

“हात बरे झाले जी,” तो म्हणाला. “पन बाई नाई म्हनते.”

“त्यांचं राहू द्या काका. तुम्ही काय म्हणता?”

“थेच तं सांगून राह्यलो,” जंगू म्हणाला.