समुद्राचा पहिला घोट

मी ट्यूब बोलतेय. भिंतीवर उजेड देणारी नव्हे. ट्रकच्या मागच्या चाकात, टायरच्या पोटात बसणारी काळी रबरी ट्यूब. आज किलिमांजारोच्या उतारावर, केळीच्या बागेतल्या एका छपराखाली खुंटीला लटकले आहे. हवा आता धरवत नाही.

माझी उमेदीची वर्षं अमिनिएल ड्रायव्हरच्या ट्रकमध्ये गेली. डोंगरावरची कॉफी बंदराला पोचवायची आणि येताना मीठ भरायचं, हे त्याचं काम. खिळे, काचा, धारदार खडी, सगळं मी सोसलं. अंगावर आणखी ठिगळाला जागा उरली नाही तेव्हा त्यानं मला चाकातून काढलं, पण टाकलं नाही.

घरी आला की अमिनिएल समुद्राच्या गोष्टी सांगायचा. "उताणं पडायचं, हातपाय सैल सोडायचे. पाणी आपल्याला झेलतं."

"अनाएलीचे बाबा," त्याची बायको केळी सोलता सोलता विचारायची, "तुम्ही ट्रक चालवता की दारू पिता?" अनाएली ही त्यांची थोरली मुलगी.

सगळे हसायचे. अनाएलीची आई मात्र हसत नसे. ती लहान असताना डोंगरातल्या ओढ्यानं तिच्या भावाला नेलं होतं. तेव्हापासून पाणी म्हटलं की तिचा जीव घाबरा होई. तिची मुलं बागेच्या पाटातही घोट्याच्या वर उतरत नसत.

नाताळ आला की आमच्या डोंगरावरचा चाग्गा जमातीचा माणूस कुठंही असो, तो डोंगरावर परततो. त्या वर्षी मालकानं अमिनिएलला नाताळातच ट्रक दिला आणि त्यानं समुद्र दाखवायला बायकापोरांना मागे बसवलं, शेजारी मलाही टाकलं. सगळा मुलूख वर येत होता आणि आमचा ट्रक खाली उतरत होता.

"अमिनिएल, वाट चुकलास का रे?" समोरून येणारे विचारायचे.

"वाट नाही चुकलो, सासुरवाडी बदलली," तो म्हणायचा. मागून बायकोची चापट बसायची.

आम्ही पंगानीच्या किनाऱ्यावर उतरलो. अनाएलीच्या आईच्या अंगात डोंगरावरचा लोकरी स्वेटर होता. घामानं ती निथळत होती, तरी तो काढेना. चारही मुलांना तिनं वाळूत ओळीनं बसवलं. समोर समुद्र, आणि कुणाला हलायची परवानगी नाही. पहिला दिवस असाच गेला. दुसराही गेला. उद्या परतायचं होतं.

अनाएली मुसमुसत म्हणाली, "घरी गेल्यावर मैत्रिणींना काय सांगू? समुद्र बघितला, पण कोरडीच आले?"

तिची आई उठली. डोंगरावर केळ्याची बीअर पाहुण्यांपुढे ठेवण्याआधी घरची बाई स्वतः घोट घेते. त्यात काही वाईट नाही, हे तिनं दाखवायचं असतं.

"माझ्या घरात पहिला घोट माझा असतो," ती म्हणाली. "आधी मी जाईन. मला झेललं तर पोरं जातील. नाही झेललं तर तुम्ही पुन्हा समुद्राचं नाव काढायचं नाही."

"आणि तू बुडालीस तर?"

"तर स्वयंपाक तुम्ही करा."

अमिनिएलनं पंप मारून मला फुगवलं. जवळच मवानाइशा नावाची गावातली बाई शिंपले वेचत होती. ती म्हणाली, "ओ डोंगरवाल्या वहिनी, स्वेटर घालून आंघोळ? आमचे मासे हसून हसून मरतील."

वहिनीनं स्वेटर काढून नवऱ्याच्या तोंडावर फेकला आणि कांगाचं कापड घट्ट बांधून माझ्या मधोमध बसली. एक लाट खालून सरकली. आम्ही वर गेलो, खाली आलो.

"बघा, झेललं," ती मुलांकडे बघून म्हणाली.

"तुम्हाला कुठं? ट्यूबला झेललंय," मवानाइशा म्हणाली. "तिच्यावर तर दगडही तरंगेल."

अनाएलीच्या आईची बोटं माझ्या अंगात रुतली. ती म्हणाली, "खरं आहे. घोट घ्यायचा तर तोंडात जायला हवा. कसं करायचं, सांगा."

मवानाइशा शिंपल्यांची टोपली ठेवून पाण्यात आली. "मान मागे टाका. छाती भरून श्वास घ्या. पाण्याशी भांडू नका. भांडायला नवरा आहे."

पहिल्या खेपेला अनाएलीची आई माझ्यावरून उतरली आणि बुडाली. खोकत, थुंकत वर आली आणि तिनं मला मिठी मारली. अमिनिएल धावला.

"तिथंच थांबा," ती ओरडली. किनाऱ्यावर मुलं एकमेकांना धरून उभी होती.

तिनं पुन्हा मान मागे टाकली. एक हात सुटला. दुसऱ्या हाताची बोटं एकेक करून सैल झाली आणि शेवटचं बोट माझ्या ठिगळावर अडकून राहिलं. मग तेही सुटलं. एवढी वर्षं मी लोकांचा भार उचलला होता, पण त्या क्षणाइतकी हलकी कधीच झाले नव्हते. ती आभाळाकडे बघत पाण्यावर पसरली होती, आणि मी बाजूला रिकामी डुलत होते.

"अनाएलीचे बाबा," ती पडल्या पडल्या म्हणाली, "एवढी एक थाप खरी निघाली तुमची."

मग मान न हलवता तिनं हाक मारली, "या रे." चारही पोरं किंचाळत माझ्यावर तुटून पडली.

उद्या अनाएली मला कापणार आहे. तिचेही केस आता पांढरे झालेत. वाऱ्यानं केळीचे घड कलतात, त्यांना टेकू बांधायला माझ्या पट्ट्या हव्यात. "आईनं भर समुद्रात हिला सोडून दिलं होतं," असं ती सुनेला सांगत होती, आणि सांगताना छाती फुगवून बसली होती.

कापा, माझी हरकत नाही. फक्त चुलीत घालू नका. रबराचा धूर कुणाच्याच भल्याचा नसतो. पट्ट्या करा, घट्ट बांधा आणि घड पिकला की गाठ सोडा. सोडलं म्हणून मला वाईट वाटत नाही. माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा विजय एका बाईनं मला सोडलं तेव्हाच झाला.