हादरा ट्रकचा, ठोका मायाचा

मित्रांनो, लग्नाच्या वरातीत तुम्ही पाहता तो ड्रम मी नव्हे. माझ्या अंगावर कातडं नाही, पोटात पोकळी नाही. लाल, पिवळी, निळी, हिरवी अशा चार गोल थाळ्या, त्यांना उचलून धरणारे लोखंडी पाय आणि खाली पायानं दाबायचं एक पेडल, एवढाच माझा देह. माझी वायर लॅपटॉपला जोडली की पडद्यावर रंगीत ठिपके वरून खाली उतरू लागतात. ज्या रंगाचा ठिपका तळाला टेकेल, त्या रंगाच्या थाळीवर काठी मारायची. आवाज लॅपटॉपचा. माझं काम एकच. ठोका पडला का, ते ऐकायचं आणि पुढं सांगायचं.

त्या एवढ्याशा कामात मी एकदा असा चुकलो, की एका मुलीचा हात जाता जाता राहिला. ते आठवलं की अजून माझ्या थाळ्या थरथरतात.

माझा जन्म कुठल्याशा दूरदेशीच्या कारखान्यात झाला. मला घडवणाऱ्यांनी माझे कान मुद्दाम जाड ठेवले. मुलं दणादणा मारणार, बारीकसारीक ऐकून याला काय करायचंय, असं त्यांना वाटलं असेल. पुण्यात एका घरी दोन भावंडांनी मला खरंच दणादणा बडवलं, आणि मी सुखात होतो. पुढं ती मोठी झाली. मी माळ्यावर गेलो. माझ्या निळ्या थाळीत पालीनं अंडी घातली. मग एके दिवशी टेम्पोत पडलो आणि शिक्रापूरच्या एका भंगाराच्या दुकानात येऊन थांबलो.

तिथं समोर एक माणूस हातोडा घेऊन बसायचा. जुने पंखे, मोटारी, मिक्सर फोडून तो आतली तांब्याची तार ओढून काढायचा. माझ्या डावीकडचा पंखा सोमवारी गेला, उजवीकडचा मिक्सर मंगळवारी. बुधवारी हातोडा माझ्याकडं वळला, तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, "ओ मामा, थांबा. तो मला द्या."

तो सम्राट होता. रांजणगावच्या एका कारखान्यात सर्किटवर सोल्डरिंग करणारा. त्यानं मला खांद्यावर घेतलं आणि नगर रोडला लागून असलेल्या इमारतीत, टायरच्या दुकानावरच्या खोलीत आणलं.

"आता ह्यो काय आनलास?" त्याची आई सोजरबाई दारातच म्हणाली. "घरात पाय ठेवाया जागा न्हाई."

"आये, मायासाठी हाय. डॉक्टरताई म्हनल्या न्हवं का, ताल धरून रोज हात उचलायचा?"

"मग टाळ्या वाजवू दे की."

"टाळ्या मोजनार कोण? तू?"

खाटेवर बसलेली माया हसली. ती सम्राटची धाकटी बहीण. गेल्या थंडीत तिला ताप आला आणि तापामागून नसांचा आजार. आधी पाय गेले, मग हात. दीड महिना दवाखान्यात काढून ती घरी आली. पाय परत आले, डावा हात परत आला. उजवा मात्र कोपरापासून खाली असा लोंबायचा, जसा दोरीवर वाळत घातलेला झंपर. सोजरबाई रोज सकाळी त्या हाताला तेल चोळायची आणि आपल्या निमोण्याच्या माहेरच्या चालीवर स्वतःच जुळवलेलं गुणगुणायची:

"बोट हलू दे ग एक, मग हलंल मनगट,
मग लेक माझी उचलील भरल्या पान्याचा घट."

पहिल्या दिवशी मायानं डाव्या हातानं पिवळ्या थाळीवर काठी मारली. मी ऐकली. पायानं पेडल दाबलं. ऐकलं. मग उजवा हात हळूहळू उठला आणि हिरव्या थाळीवर टेकला. चिमणी फांदीवर बसते ना, तेवढाच भार. माझ्या जाड कानांना काहीच कळलं नाही. पडद्यावर लाल अक्षरं आली, 'चुकलं'.

पुन्हा. चुकलं. पुन्हा. चुकलं. तिच्या कपाळावरचा घाम हनुवटीपर्यंत यायचा आणि मी म्हणायचो, काही झालंच नाही. आठव्या दिवशी तिनं काठी खाली ठेवली.

"दादा, ह्याला माझा हात कळतच न्हाई. न्हेऊन टाक."

मला तो हातोडा आठवला. पण खरं सांगू? हातोड्याहून मला तिच्या तोंडाची भीती वाटली. त्यावर पुन्हा प्रयत्न करायची इच्छाच उरली नव्हती.

सम्राटनं मला नेलं नाही. रविवारी त्यानं मला फरशीवर पालथं घातलं आणि स्क्रू काढायला लागला. मित्रांनो, जिवंतपणी पोट उघडलं जाणं म्हणजे काय, ते मला विचारा! प्रत्येक थाळीखाली माझी एक चकती असते, रुपयाएवढी, पितळेची. हादरा बसला की ती त्याची वीज करते. तोच माझा कान. सम्राटनं कडेला चिकटवलेल्या त्या चकत्या काढून थाळीच्या बरोब्बर मध्ये आणल्या. वरचं कडक रबर सोलून मऊ स्पंज लावला. सुटलेल्या तारांना नव्यानं डाग दिले. शेवटी प्रत्येक कानाला त्यानं एक प्रीसेट बसवला. प्रीसेट म्हणजे इवलासा स्क्रू. एका बाजूला फिरवला की कान तिखट, दुसऱ्या बाजूला फिरवला की जाड.

त्यानं चारही स्क्रू तिखट बाजूला अगदी टोकापर्यंत फिरवले.

"जरा कमी ठेव की," माया म्हणाली.

"न्हाई. तुझा एक बी ठोका वाया जाता कामा नये."

चूक ती एवढीच. मायेपोटी केलेली.

मला सरळ उभं केलं आणि माझ्यावर आवाजांचा लोंढा आला. सोजरबाई भाकरी थापत होती, ती मला ऐकू आली. खालच्या दुकानात टायर आपटला, तो ऐकू आला. मग नगर रोडवरून बावीस चाकांचा ट्रक गेला. खिडकीची काच थरथरली, फरशी थरथरली, माझे लोखंडी पाय थरथरले, आणि हिरवी थाळी कुणीही न मारता म्हणाली, ठोका पडला!

त्या संध्याकाळी माया खेळायला बसली. ट्रकांची रांग लागलेली. तिचा हात अजून हवेतच असायचा आणि मी सांगून मोकळा व्हायचो. सरावाच्या खेळात जादा ठोक्यांची शिक्षा नसते, हवा तेव्हा ठोका मिळाला की झालं. गाणं संपलं. उजव्या हाताला शंभरात एकसष्ट.

"आये!" ती ओरडली. "आये, बघ की!"

मला सांगायचं होतं, माये, ते तुझे नाहीत. पण मला तोंड कुठं आहे? माझ्याकडं एक वायर, आणि तिच्यातून मला एकच शब्द बोलता येतो: पडला.

आठवडा गेला. एकसष्टचे चौऱ्याहत्तर झाले, चौऱ्याहत्तरचे ब्याण्णव. शेजारची रतनबाई येऊन म्हणाली, "अगं माये, तू तर बँडवाली झालीस! आमच्या स्वराजच्या लग्नात तूच वाजव." सगळे हसले. मी चार थाळ्यांनी थिजून उभा होतो.

आणि मग पोपटसरांचा फोन आला. आजारी पडण्याआधी माया ज्या लहानशा वर्कशॉपात प्रेस मशीन चालवायची, तिथले ते सुपरवायझर.

"सर, ब्यान्नव टक्के आला हात," ती म्हणाली. "सोमवारपासनं येते."

फोन ठेवून ती आईला कौतुकानं दाखवू लागली. "आये, उजव्या हातानं पत्रा आत सरकवायचा. हात मागं घ्यायचा. मग पाय पेडलवर. धाडकन प्रेस खाली! हात, पाय. हात, पाय. माझ्याएवढी चलाख तिथं कुणी नव्हती."

मित्रांनो, त्या क्षणी माझ्या पितळी चकत्या बर्फासारख्या गार पडल्या. कारण पेडल मलाही आहे. तिचा पाय मी रोज ऐकत होतो, घड्याळासारखा नेमका. आणि हात? ट्रकांच्या गोंगाटात कधीमधी तिचा खरा स्पर्श मला ओळखू यायचा. तो नेहमी पायाच्या मागून यायचा. पाय पडून गेलेला असायचा आणि हात अजून थाळीवरच रेंगाळत असायचा. इथं थाळी होती. तिथं प्रेस असणार होता.

शुक्रवार गेला. शनिवार गेला. प्रत्येक ट्रकबरोबर मी खोटं बोलत होतो आणि सोमवार जवळ येत होता.

रविवारी सकाळी मायाच्या हातातून आमटीची वाटी निसटली. "घाईत होते," ती म्हणाली. सोजरबाईनं फरशी पुसली, पण तिचे डोळे माझ्यावर होते. मधल्या काळात तिनं बरंच काही पाहिलं होतं. घरात ती एकटीच असताना, लॅपटॉप चालू राहिला तर माझे ठोके आपोआप वाजायचे. रतनबाईनं तिला लिंबू उतरवून टाकायला सांगितलं होतं, तेव्हा ती म्हणाली होती, "आमच्यात न्हाई चालत तसलं. भूतबीत नसतं. पर काय तरी हाय."

दुपारी सम्राट घरी होता. सोजरबाई माझ्यासमोर येऊन बसली.

"माये, गाणं लाव."

"आत्ता? जेवून बसते की."

"आत्ता लाव. काठी घिऊ नगंस. दोन्ही हात मांडीवर ठेव."

"आये, काय चाललंय तुझं?" सम्राट म्हणाला.

"तू गप. ब्यान्नव म्हनं! वाटी धरवंना आन् ब्यान्नव."

गाणं सुरू झालं. ठिपके उतरू लागले. मायाचे हात मांडीवर. बाहेर एक ट्रक आला, गेला. पडद्यावर आकडा उमटला, सात. मग कंटेनर. एकोणीस. मग ऊस भरलेला ट्रॅक्टर, दोन ट्रॉल्यांचा. तेहतीस. मला वाटत होतं, रस्ता बंद पडावा, वीज जावी, माझी वायर तुटावी. आकडा चढतच होता. गाणं संपलं तेव्हा मांडीवर पडून असलेल्या हाताला शंभरात अठ्ठ्याऐंशी मिळाले होते.

माया पडद्याकडून सम्राटकडं वळली.

"मंजी... दादा, एक बी माझा नव्हता?"

सम्राटनं तिचा मांडीवरचा हात हातात घेतला.

"भंगारात टाक ह्याला. खोटारडा मेला." ती उठली आणि डाव्या हातानं तिनं माझी वायर उपसली. मी मुका झालो. आता तो हातोडा, मला वाटलं, आणि ते बरोबरच आहे.

मग फरशीतून सम्राटचा आवाज माझ्या पायांपर्यंत आला. "त्याची चूक न्हाई गं. मीच त्याला तसं केलंय. तुझं सगळं ऐकाया जाऊन जगाचं सगळं ऐकाया लावलं."

"मग आत्ता खरं कर." माया म्हणाली. "आत्ताच्या आत्ता. उद्या सोमवार हाय दादा. मला कळाया पायजे."

सम्राट खाली धावला. टायरवाल्याकडून जुन्या ट्यूबचे तुकडे घेऊन आला आणि माझ्या प्रत्येक पायाखाली त्यांच्या चार-चार घड्या घातल्या. सोजरबाईनं आपल्या अंथरुणातली गोधडी काढली, दुहेरी केली आणि ट्यूबखाली अंथरली. "घे. मी सतरंजीवर निजंन." मग सम्राटनं माझी वायर पुन्हा जोडली आणि प्रीसेट मागं फिरवायला घेतले. केसभर फिरवायचा आणि थांबायचा. ट्रक जाऊ द्यायचा. मी बोललो, की अजून केसभर. मग मायाचं एक बोट थाळीवर टेकवायचा. ऐकलं का? ऐकलं. पुन्हा ट्रक. असं करत करत एक जागा अशी सापडली, की ट्रक गेला आणि मी गप्प राहिलो, आणि बोट टेकलं तेव्हा बोललो.

माया काठी घेऊन बसली. संबंध गाणं वाजलं. उजव्या हाताला शंभरात अकरा.

"अकरा," ती म्हणाली. हसली की रडली, मला कळलं नाही. ट्यूब आणि गोधडीमुळं आता तेवढं कळत नाही. "पर दादा, बघितलंस का? पाय आधी पडला. हात मागनं आला. प्रत्येक वेळी." तिनं आपला उजवा हात डाव्या हातानं उचलून छातीशी धरला. "उद्या ह्यो हात..."

"बोलू नगंस," सोजरबाई म्हणाली.

तिनं पोपटसरांना फोन लावला.

"सर, उद्या न्हाई येत मी."

"माया, जागा राखता येनार न्हाई गं मला."

"व्हय सर. मी हात राखतीया."

ती जागा गेली. तिथं दुसरी मुलगी लागली. मायानं तिचा नंबर मिळवून तिला आधी एकच गोष्ट सांगितली: हात मागं आल्याबिगर पाय दाबू नगंस.

या गोष्टीला आता पाच महिने झाले. माझ्या हिरव्या थाळीचा स्पंज झिजलाय, एक पाय वाकडा आहे. आता लॅपटॉपवरचं गाणं लावत नाहीत, ते फार धावतं. सोजरबाई चुलीपाशी गुणगुणते, माया तिच्या चालीवर काठी धरते आणि लॅपटॉप शंभरातले किती ठोके पडले तेवढंच मोजतो. काल उजव्या हाताचे सदतीस आले. सदतीस म्हणजे काही फार नाहीत, पण सगळे तिचे आहेत. आणि परवा पहिल्यांदा असं झालं, की हात पायाच्या आधी पोहोचला. एकदाच. दोघींना कळलंही नाही. मला कळलं.

भीती माझी गेली नाही. रोज सकाळी वायर जोडली की वाटतं, आज पुन्हा खोटं तर बोलणार नाही ना? मित्रांनो, तुमच्या घरात एखादं दुबळं माणूस असेल, बारीक आवाजाचं, तर त्याच्यासाठी कान तिखट जरूर करा. पण त्याला बरं वाटावं म्हणून न पडलेला ठोका पडला असं सांगू नका. आधी आपल्या पायाखाली एखादी गोधडी घाला, जगाचा हादरा जरा दूर ठेवा, आणि मग ऐका.

आत्ताही माया बसली आहे. काठी उचललेली, हात अधांतरी. बाहेर बावीस चाकांचा ट्रक येतोय, काच थरथरतेय. तो समोर आला, गेला. मी गप्प आहे.

आता हिरव्या थाळीवर चिमणी उतरली. पडला, मी म्हणालो.