कंट्रोलची डिग्री

अग्निशमन केंद्रात तीन नंबरची गाडी चालवणारा माणूस आणि त्याच केंद्राच्या वरच्या मजल्यावर, कंट्रोल रूममध्ये, वायरलेस सांभाळणारी बाई यांच्या लग्नाला एकोणीस वर्षं झाली होती, आणि या एकोणीस वर्षांत त्या घरात एकही वाक्य एकदाच बोललं गेलं नव्हतं. वायरलेसचा नियमच तसा. निरोप आला की ऐकणाऱ्याने तो जसाच्या तसा परत म्हणायचा, शेवटी "समजलं" म्हणायचं आणि मगच हलायचं. नाहीतर पूर्वेची गाडी पश्चिमेला जाते आणि आग आपली निवांत जळत राहते. हा नियम दोघांच्या अंगात इतका मुरला होता, की ती स्वयंपाकघरातून "येताना अर्धा किलो कांदे" म्हणाली की तो चपला घालता घालता म्हणायचा, "अर्धा किलो कांदे, समजलं." सगळ्याच घरांत असं बोलतात, अशी त्यांच्या मुलीची पाचवीपर्यंत समजूत होती.

तो बायकोला घरीसुद्धा "कंट्रोल" म्हणायचा. ती एरवी त्याला "अहो" म्हणायची, आणि चिडली की "तीन नंबर".

कंट्रोल रूममध्ये तिला सतरा वर्षं झाली होती. एवढ्या काळात दोन प्रमुख आले आणि गेले, तिसरे खुर्चीत होते. तिघेही पदवीधर. शहरातल्या कुठल्या गल्लीत मोठी गाडी वळत नाही आणि कुठल्या इमारतीची पाण्याची टाकी कायम रिकामी असते, हे तिघांनाही हिनेच शिकवलं, आणि शिकून झाल्यावर तिघांनीही हिच्या रजेच्या अर्जांवर ऐटीत सह्या केल्या. तिसऱ्या साहेबांच्या निवृत्तीला तीन वर्षं राहिली, तेव्हा ते एकदा सहज म्हणाले, "माझ्या जागी तुम्हीच बसायला हव्यात. पण काय करणार, पदवी लागते. कुठल्याही विषयाची चालते, पण लागते."

दुसऱ्या दिवशी मोठ्या विद्यापीठाचं माहितीपत्रक घेऊन आली. चकचकीत कागद, हिरवळीवर हसणारी मुलं, आणि शेवटच्या पानावर फीचा आकडा. आकडा पाहून तिने पुस्तिका मिटली आणि डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सारली. टेबल स्थिर झालं. मग तिने बस डेपोमागचं कॉलेज शोधून काढलं. खाली टायरचं दुकान, वर चार वर्ग. आठवड्यातून दोन संध्याकाळी हजेरी, बाकीचे तास मोबाइलवर आणि फी अशी, की दोघांनी वर्षभर नवे कपडे घेतले नाहीत तर भागेल. ते त्यांनी घेतलेच नाहीत.

पुढची तीन वर्षं त्याने जे पाहिलं, ते त्याला कुणाला नीट सांगता आलं नसतं. डाळीच्या डब्याला टेकवलेला मोबाइल आणि त्यातून लोकप्रशासन शिकवणारे सर. कपाटाच्या दारावर आतून चिकटवलेल्या व्याख्या, म्हणजे कपडे काढताना एक आणि ठेवताना एक पाठ होणार. संख्याशास्त्राने तर तिला रडवलं. मग नववीतल्या मुलीने शर्टाची जुनी बटणं टेबलावर पसरली आणि आईला सरासरी शिकवली, मध्यक शिकवला, आणि आई चुकली की "अगं आई, लक्ष कुठंय तुझं?" असं दटावून सगळे जुने हिशेब चुकते केले. ती सहामाहीत एकदा नापास झाली, एकदा काठावर वाचली, पण तिने ड्यूटीची एकही पाळी चुकवली नाही.

तो गाडी लावून जळत्या गोदामांत शिरायचा. बाहेर आला की लोक टाळ्या वाजवायचे, कधी पेपरात फोटो यायचा. हिला टाळ्या वाजवायला कोण होतं? आपली बायको आपल्यापेक्षा धीराची आहे, हे त्याला या तीन वर्षांत कळलं, आणि याने त्याला वाईट न वाटता भरून येत असे.

शेवटचा पेपर संख्याशास्त्राचाच होता. घरून, लॅपटॉपवर, सकाळी दहा ते बारा. तीस प्रश्न. कॅमेरा चालू, माइक चालू, खोलीत दुसरं कुणी नको, दुसरा आवाज नको. निकाल महिनाअखेरीच्या आत लागणार होता आणि प्रमुखपदाच्या अर्जाची मुदत महिनाअखेरीलाच संपत होती. साहेब तर निरोपाचे हार घालून घ्यायच्या तयारीत होते. हा पेपर अडकला, तर ती खुर्ची पुढची दहा-बारा वर्षं दुसऱ्या कुणाची होणार होती.

त्याने बंदोबस्तात कसर सोडली नाही. दाराची बेल काढून ठेवली. मुलीला मावशीकडे धाडलं. शेजारणीला मिक्सर लावू नका म्हणून हात जोडले. आणि स्वतः बंद दाराबाहेर स्टूल टाकून, मांडीवर मटारची परात घेऊन, आवाज न करता शेंगा सोलत पहाऱ्याला बसला.

आत ती लिहीत होती. कंट्रोलला वर्षानुवर्षांची सवय, समोर आलेलं आधी पुटपुटून वाचायचं आणि मग हात लावायचा. पावणेबारा वाजायच्या सुमारास, थकलेली असेल, तिचा आवाज जरा चढला. "प्रश्न चोविसावा. शंभर कुटुंबांच्या मासिक खर्चाचा..."

"प्रश्न चोविसावा, शंभर कुटुंबं, समजलं," दाराबाहेरून तीन नंबर खणखणीत बोलला.

आत लॅपटॉप टुणकन वाजला. दार उघडलं तेव्हा तिचा चेहरा पांढराफटक होता आणि तिच्यामागे पडद्यावर लाल अक्षरं होती: दुसऱ्या व्यक्तीचा आवाज. परीक्षा थांबवण्यात आली आहे.

त्याच्या मांडीवरची परात खाली पडली. मटार घरभर झाले आणि ते दोन दिवस कुणी उचलले नाहीत.

"शेजारच्यांचा टीव्ही होता म्हणून सांग," तो संध्याकाळी म्हणाला. "नाहीतर रेडिओ म्हण. कोण येतंय बघायला?"

"टीव्हीवर माझ्या प्रश्नाचा नंबर सांगत होते का?"

"मग नेट गेलं म्हण. सगळ्यांचंच जातं."

"तीन नंबर," ती म्हणाली, "सतरा वर्षं लॉगबुक लिहितेय मी. गाडी उशिरा पोचली तर उशिरा पोचली असंच लिहिलंय. तुमची पोचली तेव्हासुद्धा. आता स्वतःच्या पानावर खाडाखोड करू?"

तिने कॉलेजला पत्र लिहिलं, पाच ओळींचं. आवाज माझ्या नवऱ्याचा आहे. आम्ही दोघं अग्निशमन दलात आहोत. ऐकलेलं परत म्हणायची आम्हाला सवय आहे. त्यांनी उत्तर सांगितलेलं नाही, त्यांना ते येतही नाही. पुढचा निर्णय आपला.

"त्यांना ते येतही नाही, हे लिहायलाच हवं होतं का?" त्याने विचारलं.

"घडलं तसं लिहिलंय," ती म्हणाली.

चार दिवसांनी बोलावणं आलं. परीक्षाप्रमुख सर, वय झालेले, चष्मा कपाळावर. शेजारी संख्याशास्त्राच्या मॅडम. त्यांनी नवऱ्यालाही आत घेतलं आणि रेकॉर्डिंग लावलं. मॅडमनी आवाज वाढवला, तसा तो खुर्चीतून अर्धा उठला. कारण तो एकदाच बोलला नव्हता. "प्रश्न पहिला," ती आत पुटपुटली होती, आणि दाराबाहेरून कुणीतरी तोंडातल्या तोंडात म्हटलं होतं, "पहिला, समजलं." प्रश्न दुसरा, समजलं. प्रश्न तिसरा, समजलं. चोवीसच्या चोवीस वेळा. यंत्राने तेवीस कुजबुजी सोडून दिल्या होत्या आणि चोविसाव्याला धरलं होतं. आपण बोललो, याचा त्याला पत्ताच नव्हता.

"हे काय आहे?" सरांनी विचारलं.

"सर, ते मी आहे," तो म्हणाला. "पण शपथ घेऊन सांगतो, मला त्यातलं काहीही समजलं नव्हतं."

मॅडमनी तोंडावर रुमाल धरला. सर मात्र हसले नाहीत. "असली सवय मी जन्मात ऐकलेली नाही," ते म्हणाले. "यापेक्षा ही खुणेने उत्तरं सांगायची युक्तीच वाटते. तुम्ही म्हणता ते खरं की खोटं, ते आम्हाला तपासावं लागेल. तुमच्या कामाच्या ठिकाणी येऊ. कधी, ते सांगणार नाही."

महिना संपायला नऊ दिवस होते. त्यातले चार असेच गेले. पाचव्या दिवशी दुपारी तो गाडी धूत असताना वायरलेस बोलला, आणि तिचा आवाज आला, घरी कधीच नसतो इतका शांत. "तीन नंबर. शाळेमागची बेकरी. भट्टीच्या धुराड्याला आग. आत दोन माणसं. मागच्या गल्लीने जा, पुढे रस्ता खणलाय."

"शाळेमागची बेकरी, धुराडं, आत दोन माणसं, मागची गल्ली, समजलं."

त्याने गाडी काढली. वाटेभर तिचा आवाज सोबत होता. बेकरीत गॅसची टाकी कुठे आहे, कुठला नळ चालू आहे, शाळेची मुलं कुठल्या दाराने बाहेर काढलीत. एकदा मध्येच, न विचारता, "दोघंही बाहेर आली, मालकाने फोनवर सांगितलं. घाई करू नका." तो ते परत म्हणाला आणि त्याने वेग कमी केला. शहराच्या नकाशाकडे न बघता ती बोलतेय, हे त्याला सतरा वर्षांपासून ठाऊक होतं. पण त्या दिवशी त्याला ते जणू पहिल्यांदा ऐकू आलं. एवढं ज्या बाईला येतं, तिला एका कागदासाठी तीन वर्षं घासायला लागतं, आणि ती कुरकुर न करता घासते. आपण मात्र तिच्या दाराशी बसून तिचा पेपर बुडवला. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली.

काजळी पुसत तो वर कंट्रोल रूममध्ये गेला, तर भिंतीकडेच्या दोन स्टुलांवर सर आणि मॅडम बसलेले. तास झाला होता त्यांना. सरांच्या हातातली वही मिटलेली होती. त्यांचा घसा सुकला असावा.

"जरा एक ग्लास पाणी मिळेल का?" ते म्हणाले.

"एक ग्लास पाणी, समजलं," ती म्हणाली. दुसऱ्या टेबलावरचा ऑपरेटर म्हणाला. दारातून हाही म्हणाला. तिघांनी एकाच वेळी.

मॅडमना हसू आवरेना. सरांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा चढवला, आणि पाणी पिऊन झाल्यावरच बोलले.

"मदत झाली नाही, हे मी लिहून देईन. पण आवाज झाला, हेही खरं आहे. नियम मी मोडणार नाही. लिहिलेले तेवीस प्रश्न तपासले जातील. उरलेल्या सातांना शून्य. वेळ वाढवून मिळणार नाही. मान्य असेल तर सही करा."

"सर, ते सात तिला येत होते," तो पुढे होऊन म्हणाला. "चूक माझी आहे. शिक्षा मला द्या ना. मला बसवा परीक्षेला."

"तुम्हाला बसवून काय निघणार?" सर म्हणाले, पण सौम्यपणे.

तिने सही केली. पास व्हायला चाळीस लागत होते आणि या विषयाने तिला आधी एकदा आपटलं होतं.

निकाल महिन्याच्या शेवटच्या दिवशी सकाळी लागला. संख्याशास्त्र, शंभरपैकी एकसष्ट. पदवी उत्तीर्ण. मुलगी कॉटवर उड्या मारत राहिली, आणि ही दोघं प्रिंट काढायला धावली, कारण मुख्य कचेरीची खिडकी एक वाजता बंद होत होती.

खिडकीतल्या कारकुनाने अर्ज हातात घेतला, गुणपत्रिका उलटीसुलटी केली आणि कॉलेजचं नाव वाचून ओठ मुडपले. "अच्छा, टायरच्या दुकानावरचं का? म्हणजे घरबसल्या डिग्री. हल्ली बरं झालंय, नेटवरून मिळून जाते."

तीन नंबरच्या कपाळाची शीर उठली. पण तिने त्याच्या हाताला हात लावला, आणि तीच बोलली.

"हो, तेच कॉलेज. पेपर तीस प्रश्नांचा होता. मला तेवीसच सोडवता आले. त्यांचेच एकसष्ट आहेत."

"आणि उरलेले सात? आले नाहीत वाटतं?" कारकून हसला.

नवऱ्याचं नाव ती घेणार नव्हती, हे त्याला दिसलं. खोटंही बोलणार नव्हती. त्यांच्या मागे रांगेत पाच-सहा माणसं उभी होती, दोन त्याच्याच केंद्रातली.

"तिला आले असते," तो मोठ्याने म्हणाला, सगळ्या रांगेला ऐकू जाईल असा. "मी आड आलो. नाहीतर तुमच्या या कचेरीत तिच्याइतके मार्क कुणालाच नसते."

कारकुनाने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. मग त्याने मान खाली घातली, अर्जावर शिक्का मारला आणि पोच फाडून तिच्या हातात दिली.