सब्लेटचा पहिला अर्थ

इशबेल मॅकास्किलच्या पीएच.डी.च्या तोंडी परीक्षेत मी एका क्रियापदावर सोळा मिनिटं बोललो. परीक्षा तिची होती, हे तेवढ्या वेळात माझ्या फारसं लक्षात राहिलं नाही.

क्रियापद होतं ‘सब्लेट’. दुकानात, बसमध्ये, बायकोशी भांडताना ते कुणाला लागत नाही. त्याचं बिऱ्हाड फक्त आमच्या तत्त्वज्ञान विभागांत. एका जर्मन तत्त्वज्ञाचं अवघड क्रियापद इंग्रजीत आणायचं होतं, तेव्हा याला कामाला लावलं. अर्थ असा: एखादी गोष्ट खोडायची, खोडता खोडता जपायची आणि वरच्या पायरीवर न्यायची. तिन्ही एकदम. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरच्या या विद्यापीठात मी हे एकवीस वर्षं शिकवतोय. ‘म्हणजे कसं?’ असं अजून एकाही विद्यार्थ्याने विचारलेलं नाही. हे मी माझ्या शिकवण्याचं यश समजत होतो.

इशबेलने प्रबंधात लिहिलं होतं, ‘दुसरं विधान पहिल्याला सब्लेट करतं.’ तिला म्हणायचं होतं, नुसतं रद्द करतं. जपणं नाही, वर नेणं नाही. असं बासष्ट ठिकाणी.

“मिस मॅकास्किल,” मी म्हणालो, “या शब्दात तुम्ही फक्त खोडरबर पाहिलंत. शिडी पाहिलीच नाहीत.” हे वाक्य मी आदल्या दिवशी आंघोळ करताना तयार केलं होतं.

बाहेरून आलेले परीक्षक प्रोफेसर फेनिक मान डोलवत होते. इशबेल काही बोलायला गेली. मी हात वर केला.

निकाल: मोठ्या दुरुस्त्या, मुदत सहा महिने. उत्तरेकडच्या एका कॉलेजात तिला सप्टेंबरपासून नोकरी मिळाली होती, पण पदवी हातात असेल तरच. हे मला माहीत होतं. “नियमांपुढे आपण काय करणार,” असं मी हळहळून म्हणालो. हळहळ छान जमली होती.

गुरुवारी सकाळी विभागाच्या सचिव मिसेस गेडीज माझा अहवाल हातात घेऊन दारात उभ्या राहिल्या.

“अहो डॉक्टर रँकिन, हे सब्लेट म्हणजे खोली पोटभाड्याने देतात तेच ना?”

“ते वेगळं, मिसेस गेडीज. स्पेलिंग वेगळं.”

“स्पेलिंगसाठीच मोठा शब्दकोश उघडला. तुमचा अर्थ शेवटी दिलाय. त्याच्या आधीचे सगळे त्या पोरीचे आहेत.”

मी वाचलं. काढून टाकणे. नाकारणे, रद्द करणे, ‘मांडणे’च्या उलट. तर्कशास्त्रातला जुना अर्थ, आणि वापरणारे आमच्याच स्कॉटलंडमधले. मी पुन्हा वाचलं. अर्थ बदलला नव्हता.

इशबेल कँटीनमध्ये सूप पीत होती.

“तुम्हाला हा अर्थ माहीत होता?”

“हो, सर. चौथी तळटीप. तिथे लिहिलाय.”

तळटीपा मी वाचल्या नव्हत्या.

“मग बोलला का नाहीत?”

“दोनदा तोंड उघडलं. पण तोवर तुम्ही शिडीवर चढला होतात.” तिने चमचा खाली ठेवला. “कॉलेजला आज पाचपर्यंत कळवायचंय. येत नाही म्हणून कळवू का?”

“थांबा जरा,” म्हणून मी निघालो. फेनिकना फोन लावला.

“मला वाटलं, तुम्ही शब्दकोश पाहिला असेल,” ते म्हणाले.

“आणि तुम्ही मान डोलवत होतात ती?”

“झोप येऊ नये म्हणून. बदला निकाल, माझी हरकत नाही.”

निकाल बदलायचा तर समितीला कारण लिहून द्यावं लागतं. मी लिहिलं, ‘परिभाषेविषयीचा गैरसमज दूर झाला.’

“कुणाचा?” मिसेस गेडीजनी विचारलं.

“काय कुणाचा?”

“गैरसमज. वाचणाऱ्याला तिचा वाटेल.”

“तसं मी लिहिलेलं नाही.”

“लिहिलं नाहीत, म्हणून तर विचारते.”

ते खोडून मी लिहिलं, ‘परीक्षकांत अर्थाबाबत मतभेद होते.’

“मतभेद कुठे होते? दोघांनाही येत नव्हतं की!” त्यांनी नवा कागद पुढे सरकवला. दार सताड उघडं होतं आणि बाहेर पहिल्या वर्षाची मुलं रांगेत उभी होती.

मी लिहिलं, ‘मला शब्दाचा अर्थ माहीत नव्हता. उमेदवाराने तो दिला होता. मी वाचला नाही.’ सही केली. मिसेस गेडीजनी ते मोठ्याने वाचून पाहिलं, स्पेलिंगसाठी, आणि कोट चढवून स्वतः समितीच्या कचेरीत देऊन आल्या. येताना मंजुरीचं पत्र आणलं.

पत्र घेऊन मी पुन्हा कँटीनमध्ये गेलो. सूप गार झालं होतं. इशबेलने पत्र वाचलं, तळटीपाही असतील अशा बेताने, सावकाश. ‘असू दे, सर,’ असं ती म्हणेल, याची मी वाट पाहत होतो.

“मग मी कॉलेजला फोन करते,” ती म्हणाली.

मी तिथेच उभा राहिलो.

“अजून काही होतं का, सर?”

होतं.

“नाही, नाही,” मी म्हणालो, “चालू द्या तुमचं.”