टोपीतलं पाणी

"टोपी तपासायचीय का बोकडाला आंघोळ घालायचीय? एवढी घागर कशाला?"

लिनो हे मोठ्यानं बोलला नव्हता. बायकोच्या मागून तळ्याकडच्या पायऱ्या चढताना धाप आणि कुरकुर एकत्रच बाहेर पडली होती. पण फेलिपाचे कान पहिल्यापासूनच तिखट.

"गळेपर्यंत ओतायचंय," ती म्हणाली.

"आणि नाही गळली तर?"

फेलिपा नुसती हसली. ते हसणं लिनोला आवडलं नसावं, कारण उरलेल्या पायऱ्या तो तिच्या पुढं होऊन चढला.

आज एल्मेर त्यांच्या रुफिनाला मागणी घालायला येणार होता. येताना त्यानं स्वतःच्या हातानं विणलेली टोपी आणायची. मुलीच्या बापानं ती वाडग्यासारखी धरून पाण्यानं भरायची आणि अंगण ओलांडून चुलीपर्यंत न्यायची. थेंब सांडला नाही तर मुलगी दिली. सांडला तर चहा प्यायचा आणि आपापल्या घरी जायचं. या बेटावर पुरुषाला मासे पकडता आले नाहीत तरी खपतं, तो थोडं खोटं बोलला तरी खपतं, पण टाका सैल म्हणजे माणूसच सैल. सात-आठ वर्षांच्या पोरांच्या हातात सुया येतात त्या म्हातारपणी डोळे गेले तरी सुटत नाहीत. लिनो तर भांडतानाही विणायचा, त्यामुळे त्याच्याशी भांडण्यात काही रामच उरला नव्हता.

बावीस वर्षांपूर्वी फेलिपाचा भाऊ आलेहो अशीच टोपी घेऊन सिप्रियानोच्या अंगणात उभा होता, त्याच्या मुलीला, निकासियाला मागायला. सिप्रियानोनं टोपी उलटीसुलटी केली, आतून अंगठा फिरवला आणि मग पाणी ओतलं. चार पावलांत त्याच्या चपला भिजल्या. "या टोपीतून माझी पोरगीसुद्धा गळून जाईल," तो म्हणाला, आणि सगळं अंगण हसलं. पुढच्याच आठवड्यात आलेहो होडीत बसला आणि दूर आरेकिपा शहराला गेला. परत आला नाही. आई धक्क्याकडे डोळे लावून लावून गेली.

फेलिपानं मात्र तो अंगठा पाहिला होता. नखानं टाका तोडला म्हाताऱ्यानं! जास्त जमीनवाला जावई हवा होता त्याला, आणि तो मिळालाही. हे ती कुणाला सांगायला गेली की समोरचं माणूस ढगांबद्दल बोलायला लागायचं. सिप्रियानोला सगळे टरकतात, असा तिनं त्याचा अर्थ लावला होता.

आणि आता देवानं, बावीस वर्षं बहिरेपणाचं सोंग करून झाल्यावर, निकासियाच्याच मुलाला तिच्या दारात पाठवलं होतं.

अंगण झाडता झाडता रुफिनानं विचारलं, "आई, कमरेला ती टोचणी कशाला खोचलीस? आज काय मागावर बसणार आहेस?"

लामा जनावराच्या हाडाची टोचणी होती ती, मागावर धागे सारखे करायची. टोक सुईसारखं.

"सवय गं."

"मला हा मुलगा हवाय, आई. आठ महिने विणतोय तो ती टोपी. दोनदा उसवून पुन्हा विणली."

"मग घाबरतेस कशाला?"

"टोपीला नाही घाबरत मी," रुफिना म्हणाली आणि केरसुणी जोरात आपटून आत गेली.

दुपारी मंडळी आली. पुढं काठी टेकत सिप्रियानो, त्याच्यामागं निकासिया, मग नवं जाकीट घालून अवघडलेला एल्मेर आणि त्याचा बाप. शेजारच्या बायका टकळीवर लोकर कातत कातत आल्या आणि भिंतीशी बसल्या, टकळ्या काही थांबल्या नाहीत. पिशव्यांतून चघळायची कोकाची पानं काढून एकमेकांना दिली-घेतली गेली.

"आधी चहा की आधी पाणी?" सिप्रियानोनं विचारलं.

"पाणी," फेलिपा म्हणाली. "चहा गोड लागायला हवा ना, काका. आणा, मी बघते टोपी."

"आईनं बघायची पद्धत नाही," निकासिया हळूच म्हणाली.

"बघण्यात कसली आलीय पद्धत! काही लोक अंगठ्यानंसुद्धा बघतात."

भिंतीशी बसलेल्या एका बाईनं लगेच आकाशाकडे बघून आज ढग फार आलेत म्हणून सांगितलं.

फेलिपा पाठ करून उभी राहिली. टोपी आतून उलटली. टाके मोहरीच्या दाण्यांएवढे, एकाला एक चिकटून. टोचणीचं टोक तिनं टेकवलं, ते आत शिरेना. पोरानं जीव ओतलाय, हे तिच्या बोटांना तिच्याआधी कळलं. क्षणभर हात थांबला. मग आलेहोचा चेहरा आठवला, सगळे हसत असताना तोही हसायचा प्रयत्न करत होता तो, आणि तिनं जोर लावला. धागा तुटल्याचा आवाज फक्त तिलाच ऐकू आला.

लिनोनं टोपी भरली आणि चालू लागला. तिसऱ्या पावलाला एक थेंब. मग दुसरा. मग धारच.

"या टोपीतून माझी पोरगीसुद्धा गळून जाईल, सिप्रियानोकाका."

बावीस वर्षं जपून ठेवलेलं वाक्य. कुणी हसेल असं तिला वाटलं होतं. कुणीच हसलं नाही. एल्मेरचे कान लाल झाले, तो आपल्या ओल्या टोपीकडे असा बघत राहिला जणू ती दुसऱ्याच कुणाची आहे. रुफिना टोपीकडे बघत नव्हती. ती आईच्या कमरेकडे बघत होती.

सिप्रियानोनं टोपी मागून घेतली. त्याचे डोळे अधू झाले होते, पण बोटं नाही. चाचपत चाचपत त्याला ती जागा सापडली.

"टाका तुटलाय."

"तुटलाय की तोडलाय? तुम्हाला चांगलं कळतं त्यातलं."

"तोडलाय," म्हातारा म्हणाला. "टोकदार कशानं तरी."

"मी तोडला!" फेलिपानं टोचणी काढून त्याच्यासमोर धरली. "तुमच्याकडूनच शिकले. आता तुम्हीही सांगून टाका सगळ्यांसमोर. सांगा ना! माझ्या भावाची टोपी कशी गळली?"

म्हाताऱ्यानं तोंड उघडलं, लिनोकडे पाहिलं आणि मिटलं.

लिनो पायरीवर बसला. टोपी मांडीवर घेतली, एल्मेरकडून त्याच लोकरीचा धागा मागून घेतला, आणि सुईच्या टोकानं तुटकं टोक उचलून टाक्यात टाका अडकवायला लागला. सगळं अंगण त्याच्या बोटांकडे बघत उभं राहिलं. काम झाल्यावर त्यानं घागर उचलून टोपी काठोकाठ भरली, चुलीपर्यंत गेला, परत आला आणि पुन्हा एकदा गेला. एक थेंबही सांडला नाही.

"मुलगी दिली," तो म्हणाला.

रुफिनाला रडू फुटलं. एल्मेरनं तिच्याकडे जायला पाऊल उचललं आणि धीर न होऊन मागं घेतलं.

"आणि माझ्या भावाला?" फेलिपाचा आवाज चिरकला. "त्याला दिलं होतं का कुणी सांधून? त्याच्या टोपीत ओतलं होतं का कुणी दुसऱ्यांदा पाणी? की तो या म्हाताऱ्याचा नातू नव्हता म्हणून..."

"ढग बघा किती..." भिंतीकडून आवाज आला.

"ढग गेले खड्ड्यात!" लिनो ओरडला. त्याला ओरडताना बायकोनं कधी पाहिलं नव्हतं. बायकांच्या टकळ्या थांबल्या.

"धक्क्यावर सोडायला गेलो होतो मी आलेहोला," तो आता हळू बोलत होता. "फेलिपाला कळू देऊ नका, म्हणाला. माझ्याकडून कबूल करून घेतलं, या काकांकडून, इथं बसलेल्या सगळ्यांकडून. हसलात तर मला हसा, म्हणाला, तिला नाही. काका वाईट बोलले त्या दिवशी, ते खरंच. पण टाका कुणी तोडला नव्हता, फेलिपा. टाके त्याचे घट्टच होते." लिनोच्या हातात सुया नव्हत्या, आणि त्या हातांचं काय करावं हे त्याला कळत नव्हतं. "सूत सैल होतं. सणाला नाचायला जायचं म्हणून घाईघाईत कातलेलं. तू कातलेलं."