एक्स वाय झेड नावाचं ड्रॉईंग

मित्रांनो, मी जुना झालोय हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुमची बोलणी वाचतील. हो, मी सुरू व्हायला वेळ घेतो. हो, माझा पंखा घरघरतो. माझा मूळचा पांढरा रंग आता हळदीच्या दुधासारखा झालाय, आणि माझा मॉनिटर उचलायला दोन माणसं लागतात. पण मी एक डेस्कटॉप कॉम्प्युटर आहे आणि विरार पूर्वेला, फुलपाड्यातल्या एका दोन खोल्यांच्या घरात मी इमानेइतबारे काम केलंय. उगाच नाही बोलत.

माझा जन्म कुठल्या मोठ्या कारखान्यात झाला नाही. स्टेशनजवळच्या एका गाळ्यात एकाने इकडचा मदरबोर्ड, तिकडची हार्ड डिस्क असं करून मला जोडलं. साल दोन हजार दोन. श्रीरंगकाकांनी मला रिक्षातून मांडीवर घेऊन आणलं. वसुंधराकाकूंनी दारातच थांबवून ओवाळलं, माझ्या डब्याला हळदकुंकू लावलं आणि नारळ वाढवला. "आई, पाणी उडेल त्याच्यावर!" म्हणून उन्नती, त्यांची नववीतली लेक, केवढ्यांदा ओरडली! दुसऱ्या दिवशी काकूंनी जुन्या पडद्याचं झालर लावलेलं कव्हर शिवलं. अहो, नव्या सुनेचे होत नसतील इतके लाड झाले माझे.

पण मी काही हौसेने आणलेला नव्हतो. काका ड्राफ्ट्समन होते. मुंबईच्या एका कंपनीत मोठ्या बोर्डावर कागद ताणून पेन्सिलीने यंत्रांची ड्रॉईंगं काढायची, हे त्यांचं काम. ती कंपनी बंद पडली. सत्तेचाळिसाव्या वर्षी काका घरी बसले. जिथे जातील तिथे एकच प्रश्न, "कॉम्प्युटरवर येतं का?" म्हणून मी आलो.

काका रोज सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून माझ्यासमोर बसत. घरातल्या घरात इस्त्रीचा शर्ट! मला फार बरं वाटायचं आणि वाईटही वाटायचं. पहिले काही दिवस त्यांच्या हातात माउस म्हणजे हातातून निसटणारा मासा. पण माणूस चिवट. हळूहळू रेषा सरळ आली, वर्तुळ गोल आलं, आणि पुढे तर त्यांनी एका गिअरबॉक्सचं अख्खं ड्रॉईंग माझ्यावर काढलं. तीन आठवडे खपून. दात न् दात मोजून घ्यावा असं.

आता काकांची एक खोड सांगतो. काम झालं की मी विचारायचो, "नाव काय ठेवू?" काका एबीसी, नाहीतर न्यू वन, नाहीतर हाताला लागतील ती अक्षरं दाबायचे आणि सगळं माझ्या पडद्यावर समोरच टाकायचे. त्यात उन्नतीची गाणी, तिचे गेम, मैत्रिणींचे फोटो. मागचं चित्र दिसेनासं झालं होतं. चाळीच्या गॅलरीत तरी एवढा पसारा नसतो!

अशात पापडी गावच्या रुडॉल्फसाहेबांचा निरोप आला. त्यांचा वसई पूर्वेला मशीनचे सुटे भाग बनवायचा कारखाना. "सोमवारी या, कॉम्प्युटरवर काढलेलं एखादं ड्रॉईंग फ्लॉपीवर घेऊन या." काकूंनी देवापुढे साखर ठेवली. कितीतरी महिन्यांनी कुणीतरी काकांना बोलावलं होतं.

शनिवारी संध्याकाळी काका शेवटचा हात फिरवायला बसले आणि ड्रॉईंग उघडायच्या आतच मला सांगावं लागलं की जागा शिल्लक नाही. माझा काय दोष? पोट गळ्यापर्यंत भरलं होतं. काका वैतागले. "सगळा कचराच भरलाय," म्हणाले आणि नावं बघून भराभर फायली उडवत सुटले. एबीसी, गेली. न्यू वन, गेलं. एक्स वाय झेड, गेलं. उडवलेलं सगळं आधी माझ्या रीसायकल बिनमध्ये, म्हणजे कचऱ्याच्या डब्यात पडतं, आणि डबा रिकामा केल्याशिवाय जागा होत नाही. काकांनी डबा रिकामा करायला घेतला. मी नेहमीप्रमाणे विचारलं, "नक्की ना?"

तेवढ्यात काकू देवाजवळ दिवा लावून बाहेर आल्या. पडद्याकडे बघून म्हणाल्या, "हे काय करताय?"

"कचरा टाकतोय."

"आत्ता? दिवा लागलाय. तिन्हीसांजेला घरातला केर बाहेर टाकायचा नाही. लक्ष्मी जाते."

"अगं, हा कसला केर? हा हाताला तरी लागतो का?"

"डब्याचं चित्र काढलंय ना तिथे? मग केरच तो. सकाळी टाका."

"लक्ष्मी आहे कुठे जायला?" काका म्हणाले. काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. काकांनी मुकाट्याने 'नाही' दाबलं आणि मला बंद केलं.

रविवारी सकाळी फ्लॉपी घालून काका गिअरबॉक्स शोधायला लागले. गिअरबॉक्स कुठेच नव्हता! इकडे बघ, तिकडे बघ. मग माझ्यावर बरसले, "हा खोका भंगारात द्या!" मग उन्नतीवर, "तुझ्या गाण्यांपायी झालं हे!" पोरगी रडवेली झाली, पण उठून आली आणि शेजारी स्टूल ओढून बसली.

"बाबा, काय नाव होतं?"

"ते आठवलं असतं तर कशाला बोंबललो असतो?"

"नाव नसू दे. संपवलं कधी ते आठवतं?"

ते आठवत होतं. माघी गणपतीच्या दुसऱ्या दिवशी. उन्नतीने मला शोधायला लावलं, फक्त ड्रॉईंगच्या फायली, त्या तारखेच्या. मी सगळे कोपरे धुंडाळले. नाही. मग तिने कचऱ्याचा डबा उघडला. आत ही खच्चून गर्दी. तिने आधी प्रकारानुसार लावलं, तशी ड्रॉईंगं एका जागी आली. मग तारखेनुसार. आणि ती तारीख वर आली तशी काका उठून उभेच राहिले.

"हेच! हेच ते! एक्स वाय झेड!"

उन्नतीने ते परत जागेवर आणलं. काकू कणकेच्या हातानेच बाहेर आल्या होत्या. काकांनी त्यांच्याकडे बघून नुसते हात जोडले. "पुरे, पुरे," काकू म्हणाल्या, "पोळी करपेल माझी."

"पण बाबा," उन्नतीने विचारलं, "तीन आठवडे बसला होतात तुम्ही याच्यावर. एक्स वाय झेड काय नाव झालं?"

काका पडद्याकडे बघत म्हणाले, "अगं, ते काय खरं ड्रॉईंग होतं? कुणी सांगितलेलं काम नाही, कुणी सही करणार नाही. रिकाम्या माणसाचा उद्योग. त्याला कसलं नाव द्यायचं?"

मला तेव्हा कळलं, मित्रांनो. आळस नव्हता तो. काकांना त्या कामाची लाज वाटत होती.

"मग ऑफिसात कसं ठेवायचात?" तिने विचारलं, आणि काका एकदम खुलले. प्रत्येक कामाचा वेगळा खण, खणात नंबरवार ड्रॉईंगं, बदल झाला की नवी प्रत, जुनी रद्दच्या खणात, पण फेकायची नाही! "मग हेच की बाबा," ती म्हणाली, "खण म्हणजे फोल्डर." तो सबंध रविवार बाप-लेक माझ्यापाशी बसली. फोल्डरच्या पोटात फोल्डर झाले. तारीख लिहिताना वर्ष आधी, मग महिना, म्हणजे फायली आपोआप ओळीत उभ्या राहतात. बदल केला की वेगळ्या नावाने ठेवायचं, जुन्यावर लिहायचं नाही. गाणी सीडीवर गेली आणि डबा भर दुपारी, एकेक नाव वाचून, रिकामा झाला. मला तर उपासानंतर हलकं वाटतं तसं वाटलं.

शेवटी ड्रॉईंगच्या कोपऱ्यातली चौकट राहिली. तिथे ड्रॉईंग काढणाऱ्याचं नाव लिहितात. ती कोरीच होती. काकांनी एकेक अक्षर शोधून तिथे स्वतःचं नाव लिहिलं आणि मग ते गिअरबॉक्सच्या नावाने, तारीख घालून ठेवलं. उन्नतीने ते फोल्डरांसकट फ्लॉपीवर उतरवून दिलं.

सोमवारी दुपारी काका आले ते चपला न काढता आतच आले.

"रुडॉल्फसाहेब म्हणाले, श्रीरंगभाऊ, खरं सांगू? आमची पोरं याहून झटपट काढतात."

काकूंनी विचारलं, "मग?"

"मग त्यांनी फ्लॉपीतले फोल्डर बघितले. म्हणाले, असं कोण ठेवतं हो? आमच्याकडे कुठलं ड्रॉईंग कुठे आहे ते त्या देवबापालाच ठाऊक. गेल्या महिन्यात जुन्या ड्रॉईंगवर माल कापला, सगळा फुकट. तुम्ही ड्रॉईंगं काढा आणि आमची सगळी सांभाळापण. उद्यापासून या."

काकू देवाकडे धावल्या. काका माझ्यासमोर बसले आणि ओंजळीत तोंड घालून रडले. मोठी माणसं माझ्यासमोर खुशाल रडतात. त्यांना वाटतं, मी बंद आहे.

त्यानंतर मी पुष्कळ वर्षं राबलो. मग घरात लॅपटॉप आला, उन्नती नोकरीला लागून नायगावला राहायला गेली, आणि मी कोपऱ्यात सरकलो. चालायचंच. काका अजून कधीतरी कव्हर काढून मला सुरू करतात, आणि मागतील ती फाइल मी पटकन देतो.

मित्रांनो, माझ्यासारख्याची धूळ पुसा, फायलींची एक प्रत दुसरीकडे ठेवा, हे तर कराच. पण माझं एवढं एक ऐका. तुम्ही खपून काहीतरी करता आणि मी विचारतो, "नाव काय ठेवू?" तेव्हा हाताला लागतील ती अक्षरं दाबू नका. काम लहान असेल, कुणी सांगितलेलं नसेल, तुमचं तुम्हालाच त्यात काही वाटत नसेल, तरी त्याला त्याचं नाव द्या. आणि कोपऱ्यात तुमचं लिहा.